मंगळवारचं वजन

मंगळवार, १२ नोव्हेंबर
गडगड्यासमोरचा बाक, दुपारचे साडेबारा

चि. सौ. सूनबाईस,

आशीर्वाद नेहमीचेच, ते ठेवून घे. मुख्य बातमी अशी की मला नोकरी लागली आहे.

हसू नकोस. एकतीस वर्षं बस चालवलेल्या माणसाला सहासष्टाव्या वर्षी काही साहेबाची खुर्ची मिळत नाही. मी वजन म्हणून लागलोय.

झालं असं. शाळा चालू, थंडी पडलेली आणि त्यात मंगळवार. अख्ख्या उद्यानात मोजून नऊ माणसं. कारंजं बंद, झाडूवाली बाई त्याच्या कठड्यावर ऊन खात बसलेली, लाह्यांच्या गाडीवाला स्वतःच्याच लाह्या खातोय. अशा दिवशी हे उद्यान मला फार आवडतं. मी आपल्या लाकडी रोलर कोस्टरवर, गडगड्यावर गेलो, तर बटणसाहेब (गाडी सोडणारा मिशीवाला, मागच्या वर्षी तू ज्याच्या मिशीला नावं ठेवलीस तो) म्हणाला, "काका, एकट्यासाठी सोडता येणार नाही. थंडीत ग्रीस आखडतं. गाडी हलकी असली की दुसऱ्या चढावर दम सोडते आणि मागे घरंगळते. मग शिड्या लावून माणसं उतरवावी लागतात."

मी म्हटलं, मग करायचं काय? त्याने गोदामातून पाण्याने भरलेले प्लास्टिकचे बाहुले आणले. डोकं नाही, पाय नाहीत, नुसती पोटं. एकेकाला बसवून मांडीवरचा दांडा खाली केला. मी त्यांना नावं देऊन टाकली. पहिल्या रांगेत डेपो मॅनेजर, त्यांच्या मागे तिकीट तपासनीस, शेवटी युनियनचे सेक्रेटरी. एकतीस वर्षं ज्यांच्यापुढे मान खाली घातली त्या सगळ्यांना घेऊन मी उतारावरून सुसाटलो, आणि एकानेही मला कारणे दाखवा नोटीस दिली नाही.

परत आल्यावर बटणसाहेब म्हणाला, "काका, तुम्ही दर मंगळवारी येत जा. तुम्ही अठ्ठ्याहत्तर किलो. मला एक बाहुला कमी उचलावा लागतो." तेव्हापासून मी कामावर आहे. पगार नाही, पण फेऱ्या मोजत नाहीत.

आजचा निकाल: गडगड्या, अकरा ब्रेक. म्हणजे उजव्या पायाने, तिथे नसलेला ब्रेक अकरा वेळा दाबला. मोजणी प्रामाणिक आहे. तुमच्याकडच्या सुसाटवर तुझे दातावर दात किती वेळा आपटले, तो आकडा कळव.

गृहखात्याच्या लेखी मी अजून गुडघ्यांच्या व्यायामवर्गालाच जातो. "गुडघे सुधारलेत हो तुमचे," असं परवा तुझ्या सासूबाई म्हणाल्या. मी मान डोलावली.

आणि एक सांगतो, एकदाच सांगतो. निवृत्त झालो तेव्हा जो तो म्हणाला, आता आराम करा. तू एकटीने माझा रक्तदाब तपासून घेतलास, तिकीट काढलंस आणि मला पुढच्या डब्यात बसवलंस. बाकीचे सहा दिवस मी मंगळवारची आणि तुझ्या पत्राची वाट बघत काढतो. हे चिरंजीवांना सांगू नकोस, तो लगेच वयोवृद्धांच्या अपघातांचं कोष्टक काढून दाखवेल.

उत्तर नेहमीप्रमाणे इथल्या तिकीटखिडकीच्या पत्त्यावर. तुला मी दवाखान्याच्याच पत्त्यावर लिहितो.

तुझा,
सासरा (वजन विभाग)


गुरुवार, २१ नोव्हेंबर

ती. बाबा,

नमस्कार आणि नेमणुकीबद्दल अभिनंदन. बढती मिळाली की कळवा, मग तुम्हाला दोन बाहुल्यांच्या जागी बसवतील.

पण तुमच्या दाताच्या डॉक्टर म्हणून एक सूचना. वरची उजवीकडची शेवटून दुसरी दाढ आठवतेय ना? तिच्यावरची कॅप मी बसवलेली आहे. गडगड्या लाकडी आहे, रूळ जुने आहेत, आणि तुम्ही उतारावर तोंड उघडून डेपो मॅनेजरला शिव्या देता हे मला माहीत आहे. कॅप उडाली तर ती शोधायला मी येणार नाही. तोंड बंद ठेवा.

आता तुलना. मी परवा मंगळवारी सुसाटवर जाऊन आले. आमचं सुसाट लोखंडी, त्यामुळे दातावर दात फक्त चार वेळा आपटला. पहिला उतार गुळगुळीत, पोटात गोळा येतो आणि येऊन तिथेच राहतो. मग तो बोगदा, आणि बोगद्यातून बाहेर पडलं की गाडी डावीकडे गर्रकन वळते, अगदी तळ्यावर झुकते. तिथे दोन दात. मग उलटी फेरी, तिथे शून्य, कारण उलटं असताना माणूस दात आवळूनच धरतो. तुमचा गडगड्या म्हणजे बाबा, तुमच्या खात्यातल्या जुन्या बसगाड्यांसारखाच: आवाज जास्त, वेग कमी, आणि उतरल्यावर कंबर धरायची. चार दात विरुद्ध अकरा ब्रेक, सुसाट जिंकलं.

आमच्याकडेही शुकशुकाट होता. तळ्याकाठचं सगळं हिरवळीचं मैदान मोकळं. एक आजोबा बदकांशी भांडत होते, बाकी शांतता.

तुमचे चिरंजीव बरे आहेत. विम्याच्या कामात बुडालेले असतात. विशेष लिहिण्यासारखं काही नाही.

पुढच्या मंगळवारी किती ब्रेक ते नक्की लिहा. मी वाट बघते.

तुमची,
सूनबाई


मंगळवार, ३ डिसेंबर
बाक तोच

चि. सौ. सूनबाईस,

तुझं पत्र गेल्या मंगळवारी मिळालं. लगेच उत्तर देणार होतो, पण एक गोष्ट खटकली म्हणून आठवडाभर मनात घोळवली, दोन वेळा कागदावर नकाशा काढला, आणि आता खात्रीने लिहितो आहे. बाईसाहेब, तुम्ही सुसाटवर बसलाच नव्हतात.

बोगद्यानंतर गाडी डावीकडे वळते म्हणतेस. मागच्या वर्षी आपण दोघं बसलो होतो. मी तुझ्या डाव्या हाताला होतो. त्या वळणावर तू अख्खीच्या अख्खी माझ्या अंगावर आलीस आणि माझ्या खिशातल्या चष्म्याची काडी मोडली. गाडी उजवीकडे वळली की माणसं डावीकडे जातात. हे मला पुस्तकातून कळलेलं नाही, एकतीस वर्षं डोक्यावरच्या आरशात बघितलंय. त्या गाडीला डावीकडे वळताना फक्त समोर उभा असलेला माणूस बघतो. म्हणजे तू एक तर तळ्याकाठी बाकावर बसून होतीस, नाहीतर जाहिरातीच्या रंगीत कागदावरून उतारा पाडलास.

तर मग भीती वाटायला लागली की काय? सांगून टाक. दुसऱ्यांच्या दाढा उपटणारी बाई, आणि एका वळणापुढे तुझी पाचावर धारण बसली? मी तुला शूर समजत होतो. बटणसाहेबालाही तसंच सांगितलं होतं, आता त्याच्यापुढे माझी पंचाईत झाली. आजपासून तुझं नाव भित्री भागूबाई.

गडगड्या आज दहा ब्रेक. एक ब्रेक कमी झाला, कारण मधल्या चढावर मी तुझ्या बनवाबनवीचा विचार करत होतो.

सासरा


बुधवार, ११ डिसेंबर

ती. बाबा,

किती तो संशय! लिहिताना उजव्याचं डावं झालं. दिवसभर मी आरशातून लोकांचे दात बघते. आरशात डावं ते उजवं दिसतं, उजवं ते डावं. तुम्हाला आरशाचा इतका अनुभव आहे, एवढं तर समजून घ्या.

आणि मी घाबरत नाही. मागच्या वर्षी पहिल्या चढावर माझं मनगट कुणी धरलं होतं, ते आठवा.

या मंगळवारी गेले नाही, दवाखान्यात काम होतं. सासूबाईंना नमस्कार सांगू नका, नाहीतर पत्राचं बिंग फुटेल.

तुमची,
सूनबाई


मंगळवार, १७ डिसेंबर

चि. सौ. भागूबाईस,

आरशाची सबब सुंदर होती. मी बटणसाहेबाला वाचून दाखवली. तो म्हणाला, "काका, सूनबाई वकील व्हायला हव्या होत्या." पण पकडलीच मी तुझी चोरी. मंगळवारी तुझा दवाखाना बंद असतो. तू स्वतः मला सांगितलं आहेस, म्हणून तर आपण मंगळवार धरला.

आता वाद मिटवायचा एकच मार्ग आहे. मीच येतो. ७ जानेवारी, मंगळवार. सकाळच्या पहिल्या गाडीने निघालो तर अकराला तुमच्या उद्यानाच्या फाटकाशी. गृहखात्याला सांगणार की व्यायामवर्गाची सहल आहे. आपण दोघं सुसाटवर बसू, मी पुन्हा डावीकडे, तू उजवीकडे, आणि वळणावर कोण कुठे जातंय ते सगळ्यांदेखत ठरेल. चष्मा या वेळी घरी ठेवीन. संध्याकाळी तुमच्याकडे येऊन चिरंजीवाला चकित करू. त्याचा चेहरा बघण्यासाठी मी दुप्पट भाडं द्यायला तयार आहे.

फक्त हो म्हण. घाबरलीस तर खुशाल माझा हात धर, मी कुणाला सांगणार नाही. (सगळ्यांना सांगणार.)

सासरा


मंगळवार, २४ डिसेंबर

ती. बाबा,

येऊ नका. मी तिथे नाही.

हे पत्र मी तीनदा गमतीने सुरू करून बघितलं. जमलं नाही, म्हणून सरळ लिहिते.

तुमचा मुलगा आणि मी एप्रिलपासून वेगळे राहतो. ऑक्टोबरमध्ये कागदांवर सह्याही झाल्या. मी गाव सोडलं. इथे एका वयस्कर डॉक्टरांच्या दवाखान्यात दुसरी खुर्ची मिळाली आहे. तुमची पत्रं जुन्या दवाखान्यात जातात आणि तिथली नोंदणीवाली मला इकडे पाठवते. या गावात सुसाट नाही, कुठलंच उद्यान नाही. तुम्ही बरोबर ओळखलंत, मी जाहिरातीच्या कागदावरून लिहिलं. तो कागद अजून माझ्या टेबलाच्या काचेखाली आहे.

भांडण झालं नाही. झालं असतं तर बरं झालं असतं. आम्ही एकाच घरात दोन पाहुण्यांसारखे राहायला लागलो होतो, "तुम्ही आधी, तुम्ही आधी" करत. एक दिवस दोघांनाही ते एकदमच कळलं. तो वाईट माणूस नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको. "आईबाबांना मीच सांगतो," असं तो आठ महिने म्हणतोय. तुमची पत्रं वाचून दर वेळी कळायचं की त्याने अजून सांगितलेलं नाही, आणि मला राग यायच्या ऐवजी सुटल्यासारखं वाटायचं.

वकिलाने यादी केली होती. कपाट कुणाचं, मिक्सर कुणाचा, पलंग कुणाचा. तुमचे मंगळवार कुणाचे, ते त्याने विचारलं नाही, आणि मीही काढलं नाही. काढलं असतं तर कुणीतरी सांगितलं असतं की ते त्याचे वडील, तेव्हा ते त्याच्याकडे. म्हणून मी गप्प बसले आणि दात मोजत राहिले. माझे स्वतःचे वडील मी सहा वर्षांची असताना गेले. पुढच्या डब्यात शेजारी बसून आरडाओरडा करणारा वडीलधारा माणूस मला तुमच्याआधी मिळाला नव्हता. तो सोडायची माझी तयारी नव्हती. म्हणून खोटं बोलले. भित्री म्हणालात ते खरंच आहे, फक्त भीती वळणाची नव्हती.

आता तुम्हाला कळलं. आता मी तुमची सून नाही, आणि तुमच्या मुलाच्या पाठीमागे तुम्ही मला पत्रं लिहावीत हे त्याच्यावर अन्याय केल्यासारखं होईल. तेव्हा थांबूया. तुम्ही उत्तर दिलं नाहीत तर मला वाईट वाटेल, पण राग येणार नाही.

कॅपची काळजी घ्या. तोंड बंद ठेवा.

(इथे काय सही करायची ते कळत नाही.)


बुधवार, २२ जानेवारी

सूनबाई,

हे पत्र मी लिहिते आहे, तुझी सासू. दचकू नकोस, आणि पाणी प्यायचं असेल तर पिऊन घे. पत्र लांब आहे.

आधी एक गैरसमज दूर करते. मला मंगळवार पहिल्यापासून माहीत आहेत. चाळीस वर्षं मी लोकांचे कपडे शिवले. व्यायाम करणाऱ्या माणसाची पँट गुडघ्यावर झिजते. ह्यांची बसायच्या जागी झिजत होती, आणि खिशातून लाह्या निघत होत्या. तुझी पत्रं हे ड्रायव्हरच्या जुन्या कोटाच्या आतल्या खिशात ठेवतात. त्या कोटाला ऊन कोण दाखवतं? मीच. मग उन्हात उभं राहून काय करायचं, म्हणून वाचते. "सासूबाईंना नमस्कार सांगू नका," हे वाचून मला इतकं हसू आलं की कोट हातातून पडला.

तू आणि मुलगा वेगळे झालात, तेही मला माहीत होतं. ह्यांना वळण उलटं दिसलं, पण पाकिटावर दुसऱ्याच गावाचा शिक्का आहे हे दिसलं नाही. मला पहिल्याच पाकिटावर दिसला. त्याच संध्याकाळी मी तुझ्या नवऱ्याला फोन लावला आणि म्हटलं, खरं काय ते सांग. त्याने सांगितलं. मोठा माणूस, लहान मुलासारखा रडला. "बाबांना तू सांग," म्हणाला. मी हो म्हटलं आणि सांगितलं नाही. तू ज्या कारणासाठी गप्प होतीस, मीही त्याच कारणासाठी गप्प होते. ह्या माणसाला मंगळवारी संध्याकाळी शीळ घालत घरी येताना बघायची मला सवय झाली होती. ती मोडावी असं मला वाटलं नाही.

तर तुझं पत्र ह्यांना मिळालं एकतीस तारखेला. त्या दिवशी शीळ नव्हती. गाडीवर न बसताच परत आले.  नंतर रोज टेबलाशी बसायचे, "चि." लिहायचे आणि थांबायचे. पुढे "सौ." लिहू का नको, सूनबाई लिहू का नको. कागद फाडायचे, नवा घ्यायचे. सात आणि चौदा, दोन्ही मंगळवारी घराबाहेर पडले नाहीत. वीस तारखेपर्यंत माझं हिशोबाच्या वहीसाठी आणलेलं कोरं बाड संपलं. शेवटी मी विचारलं, "काय लिहिताय?" तर म्हणाले, "पत्ताच लिहिता येत नाहीये मला." आणि मग सगळं सांगितलं. मी सगळं पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखं ऐकलं. संसारात इतकं करावं लागतं.

काल मंगळवार होता. मी ह्यांना म्हटलं, उठा, व्यायामवर्गाला जाऊ. दोघांच्या.

तुझ्या त्या बटणसाहेबाची मिशी खरोखरच वाईट आहे. पण माणूस भला. मला बघून त्याने आधी विचारलं, "याच भागूबाई का?" मी म्हटलं, नाही, मी गृहखातं. त्याने वजन विचारलं. बायकांना असं तोंडावर विचारायची रीत आहे का? चोपन्न म्हटलं. तो म्हणाला, "काकू, एक बाहुला तरी लागेल." म्हणून आम्हा दोघांच्या मागे तो डेपो मॅनेजर बसवला.

आता निकाल ऐक. मी किंचाळले नाही. मी पहिल्या उतारापासून शेवटच्या वळणापर्यंत ह्यांना बोलत होते. लग्नानंतरचं जे जे राहिलं होतं ते सगळं बोलून घेतलं. तिथे माणसाला उठून बाहेर जाता येत नाही, ही फार चांगली सोय आहे. आणि ह्यांच्या ब्रेकच्या मोजणीवर विश्वास ठेवू नकोस. पहिल्या उतारावर ह्यांचे डोळे घट्ट मिटलेले होते, मी शेजारून बघितलं. उतरल्यावर मात्र बटणसाहेबाला म्हणाले, "आज नऊच."

घरी आल्यावर ह्यांनी पुन्हा कागद घेतला, पुन्हा "चि." लिहिलं आणि पुन्हा थांबले. तेव्हा मी तो कागद काढून घेतला. म्हटलं, मी लिहिते, तुम्ही चहा करा.

तू लिहिलंस की आता मी तुमची सून नाही. मी शिकलेली कमी, म्हणून खात्री करून घेतली. मुलाला सांगून तुमच्या त्या कागदांची प्रत मागवली. चष्मा लावून पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचली, अडलं तिथे त्याला फोन करून विचारलं. त्यात त्याने तुला सोडल्याचं आहे, तू त्याला सोडल्याचं आहे. खाली त्याची सही, तुझी सही, दोन वकील, दोन साक्षीदार. आमचं दोघांचं नाव कुठेही नाही. आम्ही तुला सोडल्याचं त्यात लिहिलेलं नाही. आमची सही कुणी मागायला आलं नाही, आणि आलं असतं तर आम्ही दिली नसती. मुलालाही हे मी सांगितलं.  मग म्हणाला, "तिला सांग, थंडी आहे, स्वेटर घालून जा म्हणावं."

तेव्हा चार फेब्रुवारीला ये. मंगळवार आहे. तुझं वजन किती ते कळव.

तुझी,
सासूबाई